मृगाचा बहार मनाजोगता

माझ्या साडूभाऊंनी मला लिहून दिलेला कागद पुढीलप्रमाणे आहे. लिहून दिलेला म्हणजे सही त्यांची, मजकूर माझा.

"मी, खाली सही करणार, आपणांकडून आज रोजी रुपये 3,00,000 (अक्षरी रुपये तीन लाख) बँकेमार्फत हातउसने स्वीकारले असून, मृगाचा बहार मनाजोगता हाती येताच सदर रक्कम कृतज्ञतापूर्वक परत करीन."

खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावरून आडवी गेलेली सही. तिकीट मी स्वतः चिकटवलं होतं, कोपरेसुद्धा उचललेले नाहीत. या कागदात कायद्याच्या नजरेनं निर्दोष अशी ती एकच गोष्ट आहे, हे मला पुढे तीन वकिलांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

मी मराठीचा मास्तर. एकतीस वर्षं जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत व्याकरण शिकवून निवृत्त झालो आणि ग्रॅच्युइटी हातात पडली. साडूभाऊंची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. त्यांना नवं बोअर घ्यायचं होतं, ठिबक बदलायचं होतं. ते बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वयानं मोठे, स्वभावानं गोड. पैसे मागायला आले ते स्टॅम्पवाल्याकडून छापील प्रॉमिसरी नोट घेऊनच. त्यात लिहिलं होतं, 'मागाल तेव्हा देईन.' संपलं. मला ते फार रुक्ष वाटलं. थोरल्या साडूकडून 'मागाल तेव्हा' असं लिहून घ्यायचं, हे काय सावकाराचं घर आहे? मी तो फॉर्म बाजूला सारला आणि फुलस्केप कागद घेतला.

"सर, छापील बरा होता की," साडूभाऊ म्हणाले. एवढं लक्षात ठेवा. ज्या माणसावर मी पुढे दावा लावला, त्यानंच मला वेळेवर सावध केलं होतं.

बायकोनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "कृतज्ञतापूर्वक कशाला?" तेवढ्या एकाच शब्दावर हरकत निघाली, आणि पुढे तेवढ्या एकाच शब्दानं मला काही त्रास दिला नाही.

आमच्या आजोबांच्या पेटीत निजामाच्या काळचा एक तमस्सुक होता. लहानपणी मी तो वडिलांकडून वाचून घेतला होता. उर्दूत 'इंदुलतलब' आणि 'बिलाउजर', म्हणजे मागताक्षणी आणि तक्रार न करता. पाऊस, बहार, मन, कृतज्ञता, काही नाही. तेव्हा मला वाटलं होतं, किती कोरडी माणसं! आज वाटतं, आजोबा चौथी पास होते म्हणून वाचले.

मृग का लिहिला? तर कानाला बरं लागतं म्हणून. 'मृगाचा बहार' म्हटलं की पहिला पाऊस, मातीचा वास, सगळं आपोआप येतं. मोसंबीला वर्षात तीन बहार असतात, मृग, हस्त आणि आंबे. झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा आणि त्यातला एक बहार धरायचा. तिन्ही धरले तर झाड बसतं. मृग धरला की जून-जुलैत फुलं येतात, आंबे बहार धरला की जानेवारी-फेब्रुवारीत. कुठला धरायचा, हे विहिरीत पाणी किती आणि भाव कधी मिळेल यावर शेतकरी ठरवतो, मराठीचा मास्तर नाही. ही माहिती मला होती असं मात्र समजू नका. ती मला प्रतिवादीच्या शपथपत्रातून मिळाली.

पैसे गेले, वर्ष गेलं, दुसरं गेलं. पैसे आले नाहीत. मोसंबी मात्र यायची. दरवर्षी दोन गोण्या घरपोच, पातळ सालीची, रसाळ. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही. मी रोज सकाळी एक पेला रस प्यायचो आणि रस पीत पीत साडूभाऊंना शिव्या द्यायचो. बायको म्हणायची, "आधी पेला तरी खाली ठेवा."

तिसऱ्या वर्षी मुदत संपत आली म्हणून मी तालुक्याच्या कोर्टातल्या एका वकिलांना गाठलं. त्यांनी कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि वर पंख्याकडे बघितलं.

"हे 'मनाजोगता' कुणी टाकलं?"

"मी."

"असू द्या. समरी टाकू."

समरी म्हणजे समरी दावा. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली, म्हणजे सीपीसीतली, ऑर्डर 37. साध्या दाव्यात प्रतिवादी हक्कानं भांडतो. कैफियत, मुद्दे, साक्षी, उलटतपास, सगळं होतं आणि वादीचे केस पिकतात. समरीत तसं नाही. हुंडी, प्रॉमिसरी नोट, किंवा ठरावीक रकमेचा लेखी करार असला की हा दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीनं कोर्टात हजेरी नोंदवायची. मग आपण 'समन्स फॉर जजमेंट' बजवायचं. त्यानंतर आणखी दहा दिवसांत त्यानं कोर्टाकडे भांडायची परवानगी मागायची, तिला 'लीव्ह टू डिफेंड' म्हणतात. ती नाकारली की वादीला तिथल्या तिथं हुकूमनामा. मी हिशेब घातला, दहा आणि दहा वीस दिवस, आणि बायकोला सांगितलं की दिवाळीला सोफा बदलू.

साडूभाऊंनी लीव्हचा अर्ज दिला, ते मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "दाजींना कुठली आली लीव्ह? ते तर शेतकरी." मी एकतीस वर्षं सीएल, ईएल, मेडिकल भरलेला माणूस, त्यामुळे माझ्याही डोक्यात लीव्ह म्हणजे रजाच होती. कल्पना अशी की रजा मंजूर करणं साहेबांच्या मर्जीवर असतं आणि कारण पटलं नाही तर नामंजूर होते. आमच्या शाळेत तरी तसंच व्हायचं.

मग शपथपत्राची प्रत हातात पडली. साडूभाऊ सातवी शिकलेले, वकील त्यांचे तरुण. पण काय लिहिलं होतं! एक, सही माझी आहे, पैसे मिळाले, काही नाकारत नाही. दोन, परतफेड मृग बहार हाती आल्यावर करायची होती. पाण्याच्या अडचणीमुळे प्रतिवादीनं तेव्हापासून आंबे बहारच धरला आहे. मृग बहार धरलेलाच नाही, सबब तो हाती येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तीन, धरला असता तरी तो मनाजोगता असला पाहिजे, आणि मन कुणाचं ते कागदात नमूद नाही. चार, वादीनं दरवर्षी दोन गोण्या मोसंबी बिनतक्रार स्वीकारून मुदतवाढ दिली आहे.

मी हे चार वेळा वाचलं. मास्तर म्हणून मला त्याला दहापैकी नऊ द्यावे लागले असते. एक गुण 'उद्भवत'मधल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी कापला असता.

माझ्या वकिलांनी उत्तर दिलं की बहार आला होता, पुरावा म्हणजे गोण्या. समोरून विचारणा झाली, गोण्यांत मृगाची फळं होती की आंब्याची? कोर्टानं माझ्याकडे पाहिलं. गोण्या तर कधीच पिऊन झाल्या होत्या. माझ्या दाव्याचा एकमेव भौतिक पुरावा मीच पेलाभर पेलाभर करून नष्ट केला होता, तोही साखर न घालता, कारण मला शुगर आहे.

हुकूम झाला, लीव्ह मंजूर, विनाअट.

विनाअट हा शब्द माझ्या जिव्हारी लागला. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निकालात लीव्हच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत, त्या वकिलांनी मला समजावल्या. प्रतिवादीचा बचाव भक्कम असेल तर विनाअट परवानगी. भक्कम नाही पण चौकशी करण्याजोगा मुद्दा आहे, तरी विनाअटच. बचावाच्या खरेपणाची शंका आली तर अट घालायची. बचाव शक्य पण असंभाव्य वाटला तर रक्कम कोर्टात भरायला लावायची. आणि बचाव नुसता पोकळ असेल तर परवानगी नाही. मला वाटलं होतं साडूभाऊ नापास, फार तर ग्रेसवर पास. ते पहिल्या वर्गात आले, आणि प्रश्नपत्रिका मीच काढलेली.

इथं शहाणा माणूस थांबतो. पण माझी भाची इंग्लंडात एका वकिली कचेरीत आहे. रविवारी तिचा फोन आला. "मामा, आमच्याकडे समरी जजमेंट नाकारलं तर परमिशन टू अपील मागतात. ज्या जजनी निकाल दिला त्यांच्याकडेच आधी मागायची, तिथल्या तिथं. त्यांनी नाही म्हटलं तर वरच्या कोर्टाकडे. एकवीस दिवसांची मुदत असते. अपिलात यश यायची खरीखुरी शक्यता दाखवावी लागते." तिनं सीपीआर, म्हणजे तिकडची दिवाणी नियमावली, भाग 24 आणि भाग 52 असं सांगितलं, मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं.

मला ती कल्पना विलक्षण आवडली. ज्यानं आपल्याला चूक ठरवलं त्यालाच नम्रपणे विचारायचं, 'साहेब, तुम्ही चुकलात असं वर जाऊन सांगू का?' केवढा सभ्य समाज! हुकमाला चौदा दिवस झाले होते. माझे वकील म्हणाले, "सर, आपल्याकडे अपील असतं नाहीतर नसतं. परवानगी दिल्लीला मागतात, सर्वोच्च न्यायालयात, स्पेशल लीव्ह. तालुक्याला नाही." मी त्यांना तिथंच सोडलं आणि रात्री जागून अर्ज स्वतः लिहिला. विषय: न्याय्य परवानगी मिळणेबाबत. विशेषणं या खेपेला मोजून चारच.

दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झाल्यावर मी उभा राहिलो.

"तुमचे वकील आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"आहेत साहेब. पण ते सहमत नाहीत."

"अर्ज कुठल्या तरतुदीखाली आहे?"

"सीपीआर."

"सीपीसी म्हणायचंय का?"

"नाही साहेब. सीपीआरच."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "कुणाला चक्कर आली?" पट्टेवाला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. एका होतकरू वकिलानं माझा हात धरून मला बाकावर बसवलं आणि शर्टाचं वरचं बटण उघडलं. मी 'भाग 52, भाग 52' म्हणत राहिलो, त्यामुळे लोकांची काळजी आणखी वाढली. साहेबांनी फार शांतपणे अर्ज वाचला, शेरा मारला आणि घरी जाऊन आराम करायला सांगितलं. शेरा होता, 'दप्तरी दाखल.'

दाखल! मी त्याच आनंदात घरी आलो, भाचीला कळवलं, शेजारी पेढे दिले. तीन दिवसांनी वकील भेटले तेव्हा कळलं की कोर्टाच्या मराठीत दप्तरी दाखल म्हणजे फाईलला लावला, विषय संपला. ही भाषा मी एकतीस वर्षं शिकवली.

तरी जिरली नाही. उच्च न्यायालय आहेच की. औरंगाबाद खंडपीठ आणि आमचा जालना जिल्हा ही एकाच वर्षाची भावंडं आहेत. जिल्हा 1 मे 1981 ला झाला, खंडपीठाचं कामकाज 27 ऑगस्ट 1981 ला सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची. खंडपीठ छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच आहे, त्यामुळे आम्हा जालनेकरांना ते जरा आपलंच वाटतं. एसटीत मला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट आणि बायकोला बाई म्हणून अर्धं. दोघांचं मिळून एक तिकीट झालं. माझ्या संपूर्ण न्यायालयीन आयुष्यात सवलत मिळालेली ही एकच फी. बदनापूर आलं तेव्हा बायकोनं खिडकीतून बोट दाखवलं, "इथं मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. यांना विचारून कागद लिहिला असता तर?" मी करमाडपर्यंत बोललो नाही.

तिथले वकील वयस्कर होते. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "भाषा छान आहे." तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हटलं. मग त्यांनी 1881 चा परक्राम्य दस्तऐवज कायदा काढला आणि कलम 4 माझ्यासमोर ठेवलं. प्रॉमिसरी नोट म्हणजे विनाशर्त वचन. खाली उदाहरणं आहेत, आणि मला ती फार आवडली. 'सी हिच्याशी माझं लग्न झाल्यावर सात दिवसांनी बी याला 500 रुपये देईन,' ही प्रॉमिसरी नोट नाही. 'डी मेल्यावर, त्यानं माझ्यासाठी पुरेसं मागे ठेवलं असल्यास, 500 रुपये देईन,' हीही नाही. दोन ओळींत अख्खी कादंबरी! सीनं होकार दिला का? डी नक्की किती ठेवून गेला? मी विचारात पडलो.

"सर," वकील म्हणाले, "तुमचा कागद या दोघांच्या मधोमध बसतो."

"पण लेखी करार तरी आहे ना? ऑर्डर 37 त बसतो."

"बसतो. म्हणून तर दावा फेटाळला नाही, चालू आहे. पण अपील नाही. ऑर्डर 43 मध्ये अपील होणाऱ्या हुकमांची यादी आहे, लीव्ह देण्याचा हुकूम तिच्यात नाही."

आणि त्यांनी हसत हसत एक जुना निकाल सांगितला, शाह बाबूलाल खिमजी, सर्वोच्च न्यायालय. तो हायकोर्टातल्या अंतर्गत अपिलांबद्दलचा, पण त्यात हेच उदाहरण आहे. प्रतिवादीला भांडायची परवानगी मिळाली तर वादीचं नुकसान होतं खरं, पण ते दूरचं. दावा अजून चालायचाच आहे, म्हणून तो 'निर्णय' नव्हे आणि त्यावर अपील नाही. परवानगी नाकारली तर मात्र प्रतिवादीला अपील आहे. निकालाचा महिना ऑगस्ट 1981. म्हणजे ज्या महिन्यात मराठवाड्याला हायकोर्टाचं दार उघडलं, त्याच महिन्यात माझ्यासारख्याला दिल्लीहून उत्तर निघालं होतं. मी तेव्हा डीएडला होतो.

"मग रिव्हिजन?" मी कॅलेंडर काढलं.

"सीपीसीचं कलम 115. 1 जुलै 2002 पासून ते फार आवळलंय. तुमच्या बाजूनं हुकूम झाला असता तर दावा तिथंच संपला असता का, हे बघतात. तुमच्या बाबतीत संपला असता, म्हणून दाराला फट आहे. काही जण रिव्हिजन टाकतात, काही जण राज्यघटनेच्या कलम 227 खाली रिट. पण तिथं हुकूम आवडला नाही एवढं चालत नाही. कोर्टानं अधिकाराबाहेर काही केलं, किंवा अधिकार असून वापरला नाही, असं दाखवावं लागतं. आता सांगा, खालच्या साहेबांनी काय चूक केली?"

मी विचार केला. खरंच केला. त्या साहेबांनी माझा कागद वाचला होता. त्यात मृग लिहिला होता, मृग धरलेला नव्हता. मन लिहिलं होतं, मन कुणाचं ते लिहिलं नव्हतं. त्यांनी चूक केली नव्हती, वाचन केलं होतं. माझं लेखन इतकं लक्ष देऊन आजवर कुणी वाचलेलं नाही, माझ्या 'शारदीय' कवितासंग्रहाच्या मुद्रितशोधकानंसुद्धा नाही.

"चूक विशेषणाची आहे," वकील म्हणाले, "आणि विशेषणाविरुद्ध रिव्हिजन होत नाही." त्यांनी फी घेतली नाही. बायकोनं पिशवीतून चार मोसंबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. कुठली होती ते विचारू नका.

येताना एसटीत मी तिला म्हटलं, "तुला आधीपासून माहीत होतं ना, दाजी आंबे बहार धरतात ते?"

"ताई सांगायची की दर उन्हाळ्यात. तुम्ही कधी विचारलंत?"

आता दावा साध्या दाव्यासारखा चालतो आहे. साडूभाऊंनी कैफियत दिली. कोर्टानं मागच्या पेशीला मुद्दे काढले. मुद्दा क्रमांक 1, रक्कम दिली काय? हे उभयपक्षी कबूल. मुद्दा क्रमांक 2, मृग बहार हाती आला काय? मुद्दा क्रमांक 3, 'मनाजोगता' या शब्दाचा उभय पक्षांना अभिप्रेत अर्थ काय? दोन्ही शाबीत करण्याची जबाबदारी वादीवर.

कागद लिहिताना खोलीत आम्ही तिघंच होतो. म्हणून साक्षीदारांच्या यादीत मी एकच नाव दिलं आहे, सौ.चं. पुढची पेशी पंधरा तारखेला आहे. ती साक्षीला येणार आहे, काय सांगणार ते तिनं अजून सांगितलेलं नाही, आणि त्या दिवशी कोर्टात जायला साडूभाऊ आम्हा दोघांना गाडीतून घ्यायला येणार आहेत.